कांद्याचं निर्यात धोरण तपासायला पणन मंडळाचं बाजारभाव पान : उपयोगाचं, पण अर्धंच

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचं रोजच्या बाजारभावाचं पान मोफत आहे आणि मराठीत आहे. निर्यात धोरणाने कांदा उत्पादकाचं काय केलं, हे पाहायला सुरुवात इथूनच करावी.

शेतमाल निवडला की बाजार समितीवार आवक आणि क्विंटलचे तीन दर दिसतात: कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. धरायचा तो सर्वसाधारण. जास्तीत जास्त दर एखाद्याच निवडक ट्रॉलीला मिळालेला असू शकतो, बातमीत मात्र तोच झळकतो. 'जात/प्रत' हा रकाना तर सोडूच नका. उन्हाळी (रब्बीचा) कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने टिकतो, खरिपाचा लाल टिकत नाही. दोघांची सरासरी काढली की हिशेब फसला.

आता त्या दरांवर धोरणाच्या तारखा बसवा. पानावर त्या मिळत नाहीत, हातानेच लिहाव्या लागतात. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी दराने निर्यात करता येत नाही), ८ डिसेंबरपासून बंदी. डिसेंबरचा घाव सर्वांत खोल, कारण बाजारात लाल कांदा होता आणि तो थांबवून ठेवता येत नाही. नाशिक जिल्ह्यात तेव्हा लिलाव बंद पडले होते. म्हणून नोंदींतला खंड म्हणजे मालाची टंचाई समजू नका. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क, म्हणजे शुल्कासह टनामागे किमान ७७० डॉलर. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. तरी त्या उन्हाळ्यात भाव उठले नाहीत, कारण रब्बीचं पीक भरघोस होतं. सगळं खापर शुल्कावर फोडण्याआधी आवकेचा रकाना वाचावा तो यासाठी.

शेतकऱ्याच्या हातात काय पडलं, ते मात्र इथे कळत नाही. चाळीत ३० टक्के घट झाली तर मे महिन्यातल्या १००० रुपयांची बरोबरी करायला सप्टेंबरात साधारण १४३० रुपये भाव लागतो, आणि त्यात चाळीचा खर्च धरलेलाच नाही.

किरकोळ दरासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचे रोजचे आकडे शेजारी ठेवा. लासलगावच्या, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या मोठ्या बाजार समितीतला, भाव पडला तरी पुण्या-मुंबईत भाव लगेच उतरत नाही. दुकानात आधीच्या दराचा माल असतो. भाडं, गोणी, हमाली तेवढीच राहते आणि सडका कांदा निवडून टाकावाच लागतो. राज्यातल्या मोठ्या शहरांचा किरकोळ दर पणन मंडळाने याच तक्त्यात एका रकान्यात द्यावा.