साडेचार लाखांचं चावीचं घड्याळ, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात

आधी किंमत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय ते हसून मोकळे होतील. साडेचार लाखांच्या थोडं वर. सेल नाही, तारीख नाही, अंधारात काटे दिसत नाहीत. रोज सकाळी चावी द्यायची. सोमवारी दिली आणि मंगळवारी विसरलो, तर बुधवारी पहाटे घड्याळ झोपलेलं.

माझं अमळनेरात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल, पिठाच्या गिरण्या, सुताराचे ड्रिल. नखात वार्निश असतंच. असल्या माणसाकडे एवढे पैसे कुठून आले, हा प्रश्न अमळनेरच्या माणसाला पडणार नाही. 1945 साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली. गावात कित्येक घरांच्या ट्रंकेत ते शेअर पडून होते. आमच्या दादांनीही थोडे घेऊन ठेवले होते. त्यावर बहिणीचं लग्न झालं, दुकानाचा गाळा झाला. शेवटचे उरलेले मी मोडले ते या घड्याळापायी. घरी हे सांगायला मला चार दिवस लागले.

वेड दादांचंच. त्यांच्याकडे एचएमटीचं 'जनता' होतं. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बंगळुरात घड्याळांचा कारखाना काढला, आणि जनता म्हणजे त्यातलं सगळ्यांचं घड्याळ. मास्तर, तलाठी, कंडक्टर, ज्याच्या त्याच्या हातात तेच. आठवीत असताना मी त्याचं मागचं झाकण चाकूने उचकटलं होतं. आत ते चाक मागेपुढे धडधडताना दिसलं आणि हातातला चाकू तसाच राहिला. नंतर कानाखाली बसली ती वेगळी.

घड्याळ घडवणाऱ्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जर्मनीतल्या एका लहान गावात नवरा, बायको आणि शिकायला ठेवलेला एक पोरगा, एवढाच कारखाना. खाली माझ्या तक्रारी आहेत. मीही दोन कारागिरांचं दुकान चालवतो, एका गिऱ्हाइकाच्या बोलण्याने काय होतं ते मला माहीत आहे.

आता ज्यासाठी पैसे मोजले ते. आतलं मूळ मशीन त्यांचं नाही. स्वित्झर्लंडचं युनिटास 6498 आहे. मुळात खिशातल्या घड्याळासाठी बनलेलं, व्यास 36.6 मिलिमीटर, जाडी साडेचार. म्हणून घड्याळही 41 मिलिमीटरचं झालंय, माझ्या मनगटाला जरा थोराडच. या मशीनमध्ये 17 ज्वेल, म्हणजे चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले माणकाचे खडे, आणि तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. आणि दादांच्या जनतामध्ये? 17 ज्वेल, सेकंदाला पाच ठोके. दोन्ही कानाला लावली तर चाल सारखीच लागते. जर्मन घड्याळाचा आवाज थोडा भरीव, एवढाच फरक. हातात असताना ते दिवसाला आठ सेकंद पुढे जातं, जनता वीसेक सेकंद. बारा सेकंदांच्या सुधारणेला साडेचार लाख, असा हिशेब माझ्या मुलाने मांडून झालाय.

पण त्यांनी मशीनवर जे केलंय ते बघायला डोळ्याला भिंग लावावं लागतं. चाकांना वरून धरणाऱ्या मूळच्या वेगवेगळ्या पट्ट्या, म्हणजे ब्रिज, काढून त्या जागी एकच मोठी प्लेट स्वतः कापून बसवली आहे. पाऊण मशीन तिच्याखाली झाकलं जातं. ही ग्लासह्युट या जर्मनीतल्या घड्याळांच्या गावाची जुनी पद्धत, तिथे लांगे या घड्याळजींच्या घराण्यातून आलेली. सगळ्या चाकांची टोकं एकाच वेळी आपापल्या भोकांत बसली तरच ही प्लेट खाली बसते. एक जरी टोक हललं तरी पुन्हा पहिल्यापासून. मोटारीच्या दोन्ही बाजूंचे बेअरिंग एकाच वेळी सरळ बसवताना माझी काय अवस्था होते ते आठवलं, आणि इथे ती टोकं केसाएवढी. या प्लेटमुळे चाकं दिसत नाहीत, ही माझी कुरकुर मात्र आहेच. साडेचार लाख देऊन मागच्या काचेतून दिसतं काय, तर बॅलन्स, म्हणजे ते मागेपुढे धडधडणारं चाक, आणि झाकण.

प्लेटवरचे स्क्रू निळे आहेत. रंग दिलेले नाहीत, तापवून निळे केलेत. लोहाराकडे छिन्नीला पाणी देताना ज्याने बघितलंय त्याला हे लगेच कळेल. घासून चकचकीत केलेलं पोलाद तापवत गेलं की आधी पिवळट होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि तीनशे डिग्रीच्या आसपास एकदम निळं. दोन सेकंद जास्त ठेवलं की फिकट राखाडी, मग सगळं घासून पहिल्यापासून. छिन्नीला थोडं इकडेतिकडे चालतं. इथे पाच स्क्रू आणि तीन काटे, सगळे एकाच निळ्याचे. रंगवलेला निळा सगळीकडून निळाच दिसतो, हा मात्र मनगट जरा वळवलं की काळा पडतो आणि परत उजळतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी हा खेळ किती वेळ करतो ते विचारू नका.

डायल चांदीची आहे. तिच्यावर रोझ इंजिन नावाच्या हाताने फिरवायच्या यंत्रावर जवाच्या दाण्यांसारखी नक्षी कापली आहे. एका हाताने यंत्र फिरवायचं, दुसऱ्या हाताने कटरवर दाब ठेवायचा, आणि तो दाब शेवटच्या रेघेपर्यंत बदलू द्यायचा नाही. आठच्या आकड्याजवळ एक रेघ किंचित घसरली आहे. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, भिंगातून दिसते. मी कळवलं, तर उत्तर आलं की हाताच्या कामाची ती खूण आहे. हे मला पटलं नाही. माझ्या वायंडिंगमध्ये चार फेरे कमी पडले तर शेतकरी 'वा, हाताचं काम' म्हणत नाही, मोटार उचलून परत आणतो.

दुसरी तक्रार वेळेची. 2023 च्या जानेवारीत निम्मे पैसे भरले, नऊ महिने सांगितले होते, लागले चौदा. मधले दोन महिने ईमेलला उत्तरच नाही. पार्सल आलं ते मार्चमध्ये, गावात 97 वं साहित्य संमेलन होऊन मांडव उतरल्यावर. पैशांबद्दल कुणाला घ्यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: परदेशी पाठवताना तिकडचा 19 टक्के व्हॅट लागत नाही, म्हणून घड्याळ आधी स्वस्त वाटतं. मग इथे कस्टम ड्युटी आणि वरून 18 टक्के जीएसटी. सव्वातीन लाखांचं घड्याळ माझ्या दारात येईस्तोवर साडेचारच्या वर गेलं. ते पैसे आधीच बाजूला काढून ठेवा, नाहीतर कुरियरवाला दारात उभा असताना उसनवारी करावी लागेल.

एक गोष्ट मात्र त्यांनी मनापासून केली. प्लेटवर काही कोरून देऊ का असं विचारलं, तर मी म्हटलं, देवनागरीत 'अमळनेर' कोरा. पहिला कागद आला त्यात ळ म्हणजे शेजारीशेजारी दोन शून्यं काढली होती, आणि शिरोरेषा तीन तुकड्यांत. मी आलेखाच्या कागदावर ळ मोठा काढून पाठवला, कुठून सुरुवात, कुठे वळण, बाण दाखवून. परत आला, आता शेपूट उलटी. असे चार कागद गेले-आले. शेवटी जो ळ कोरलाय तो असा की आमच्या मराठीच्या मास्तरांनी फळ्यावर काढला असता. तांदळाच्या दाण्याहून लहान आहे. वेलांटीसारखा फिरतो, मध्ये गाठ घट्ट, आणि कोरताना टोक उचललंय तिथे बारीकशी चमक. पाचही अक्षरांत तो एकटाच वेगळा उठून दिसतो. बहुतेक सगळ्यात जास्त घाम त्यालाच गाळावा लागला असणार.

वापराबद्दल. पट्टा लवकरच गेला. वासराच्या कातड्याचा होता, जर्मनीत दहा वर्षं टिकत असेल. इथे पहिल्याच उन्हाळ्यात, वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा, बोरीच्या पात्रात मुलीला पाळण्यात बसवायला गेलो, चव्वेचाळीस डिग्री आणि धूळ. घरी आलो तर पट्ट्याला पांढरे मिठाचे पट्टे आणि वास. आता कापडी पट्टा लावलाय, तीनशे रुपयांचा. घरच्यांच्या मते तोच जास्त शोभतो. घड्याळावर 30 मीटर असं लिहिलंय म्हणून कुणी घालून पोहू नका. हात धुतले, चार थेंब उडाले, एवढ्यासाठीच ते आहे.

सगळ्यात मोठा घोळ माझाच. नोव्हेंबरात रब्बीच्या मोटारी जळून येतात, तेव्हा दुकानात मान वर करायला वेळ नसतो. एका सुताराच्या ड्रिलचं आर्मेचर, म्हणजे मोटारीचा आत फिरणारा भाग, ग्रोलरवर ठेवून शॉर्ट तपासत होतो. ग्रोलर म्हणजे एसीवर चालणारा मोठा विद्युतचुंबकच. घड्याळ हातातच. दुसऱ्या दिवशी बघतो तर सात मिनिटं पुढे. तिसऱ्या दिवशी आणखी सात. पोटात गोळा आला. मग डोकं चाललं, आणि मुलाच्या कंपासपेटीतलं होकायंत्र आणून घड्याळाशेजारी धरलं. सुई गर्रकन वळली. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सला मागेपुढे फिरवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगला, लोहचुंबक लागला होता. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं.

याला चुंबकत्व घालवणारा डिमॅग्नेटायझर मिळतो, पण तो म्हणजे एक कॉइलच. तीस वर्षं मी दुसरं काय गुंडाळतोय? जुनी कॉइल घेतली, आतून घड्याळ जाईल एवढी, बल्ब सिरीजमध्ये लावून एसी सप्लाय दिला. घड्याळ आत धरलं आणि सप्लाय चालू असतानाच सावकाश, अगदी सावकाश, हातभर लांब ओढत नेलं. मग स्विच बंद. उलट केलं, म्हणजे घड्याळ आत असतानाच स्विच बंद केला, तर त्या क्षणी जे चुंबकत्व असेल ते घड्याळातच राहून जातं. ग्रोलरवर नेमकं तेच झालं होतं. दोनदा ओढलं. होकायंत्राची सुई जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळ आठ सेकंद पुढे, नेहमीसारखं. आता दुकानात शिरलो की घड्याळ आधी गल्ल्यात.

गेल्या महिन्यात वेळ लावायला चावी बाहेर ओढली, तर दांडीसकट हातात आली. जर्मनीला कळवलं. उत्तर यावेळी लगेच आलं: पाठवून द्या. पाठवायचं म्हणजे कस्टमचे कागद, विमा, जायला-यायला किती महिने कोण जाणे, आणि परत येताना नवीन माल म्हणून ड्युटी लावतील ही भीती. मी घड्याळ रुमालात गुंडाळून बाजारात आप्पांच्या टपरीवर गेलो. दादांच्या जनताची सर्व्हिसिंग तेच करायचे. सत्तरी ओलांडली आहे, हात अजून स्थिर.

किंमत सांगितली नाही. झाकण उघडून त्यांनी भिंग डोळ्यात अडकवलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग बॅलन्सच्या खाली चिमटा दाखवून अहिराणीत म्हणाले, "हाई ते खिसामधली घड्यायनं मशीन शे भाऊ." तिथे बारीक अक्षरात 6498 छापलेलं असतं. दांडीला धरून ठेवणारा एक स्क्रू सैल झाला होता. दांडी आत सरकवली, स्क्रू अर्धा फेरा आवळला, चावी फिरवून घड्याळ कानाला लावलं. दहा मिनिटं. पन्नास रुपये.

म्हणून लहान कारागिराकडून घड्याळ घ्यायचं असेल तर माझं एकच म्हणणं, आत कोणतं मशीन आहे ते आधी विचारा. स्वतः आतबाहेर सगळं घडवणारे थोर लोक आहेत, ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर जॉर्ज डॅनियल्स तर एकट्याने केस, डायल, काट्यांपासून सगळं करायचे. पण त्यांचं घड्याळ अडलं की ते उघडायला तसाच माणूस शोधावा लागतो. माझं अडलं तर आप्पा आहेत, आणि आप्पा नसले तर जळगावला, धुळ्याला कुणीतरी जुना हात सापडेल. पार्टही मिळतात. बाकी नक्षी, निळा रंग, प्लेट हे सगळं त्या ओळखीच्या मशीनवर चढवलेलं आहे, आणि पैसे गेलेत ते त्याचे. मला ते गेल्याचं दुःख नाही. मुलाला आहे.

झाकण लावायच्या आधी आप्पांनी प्लेट पुन्हा भिंगाखाली धरली. कोरलेलं वाचलं. मी मोठ्या कौतुकाने ळ ची सगळी गोष्ट सांगितली, चार कागद, बाण, उलटी शेपूट. त्यांनी ऐकून घेतलं.

"इतला खटाटोप कसाले कया भाऊ?" भिंग न काढताच ते म्हणाले. "आपन ते अमयनेरच म्हनतस."