नदीखोऱ्यासाठी संस्था निवडताना: दामोदरचे महामंडळ की फ्रान्सची खोरे समिती?

नदीच्या संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित विचार करायचा असे ठरले, की संस्थेचे दोन नमुने प्रामुख्याने समोर येतात: स्वतः धरणे बांधून ती चालवणारे महामंडळ आणि पाणी वापरणाऱ्यांकडून आकार (शुल्क) घेऊन तो पैसा कामांसाठी देणारी खोरे समिती. माझ्या मते, निवड करणाऱ्याने या संस्थांची उद्दिष्टे वाचण्याआधी त्यांचे उत्पन्न कोठून येते हे तपासावे.

पहिला नमुना १९३३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीचा. सात राज्यांत पसरलेल्या खोऱ्यातील पूरनियंत्रण, जलवाहतूक आणि वीज ही कामे तेथे एका संस्थेकडे आली. आजच्या झारखंड आणि पश्चिम बंगालमधून वाहणाऱ्या दामोदर नदीला १९४३ मध्ये महापूर आल्यानंतर भारतात त्याच धर्तीवर आखणी झाली आणि १९४८ च्या कायद्याने दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभे राहिले. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही धरणे १९५३ ते १९५९ या काळात पूर्ण झाली; मूळ आराखड्यातील धरणे मात्र याहून अधिक होती. मैथन आणि पंचेतची कहाणी बारकाईने पाहावी. तेथे भिंत उभी राहिली, पण जलाशय पूर्ण भरल्यावर बुडणारी वरच्या पातळीपर्यंतची जमीन संपादित झाली नाही. त्यामुळे पुरासाठी राखलेली जागा पूर्णपणे वापरता येत नाही आणि मोठ्या पावसात पाणी अडवून धरण्याऐवजी विसर्ग वाढवावा लागतो. सिंचनाची व्यवस्था १९६४ मध्ये पश्चिम बंगालकडे गेली, महसूल देणारी वीज संस्थेकडे राहिली, आणि तिचा भर औष्णिक वीजनिर्मितीवर गेला. टेनेसीतही १९५० च्या दशकात कोळशावरील वीज वाढत गेली.

दुसरा नमुना फ्रान्सचा. त्याने १९६४ च्या कायद्याने देशाची सहा खोऱ्यांत विभागणी केली. प्रत्येक खोऱ्यातील समितीत स्थानिक लोकप्रतिनिधी, पाणी वापरणारे आणि शासन एकत्र बसतात; प्रदूषण आणि उपसा यांवर आकार बसतो आणि त्यातून नगरपालिकांना व कारखान्यांना सांडपाणी प्रक्रियेसाठी साहाय्य मिळते. त्यामुळे प्रक्रिया केंद्रे वाढली. शेतीतील खतांतून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेट या प्रदूषकाला मात्र हे साधन तितकेसे आवर घालू शकले नाही, कारण आकाराचा मोठा भार घरगुती ग्राहकांवर राहिला.

तेव्हा मुख्य संकट पुराचे असेल, तर महामंडळाचा विचार करावा. पण भूसंपादन आणि धरणे चालवण्याचे अधिकार राज्यांनी लेखी दिल्याखेरीज त्याची स्थापना करू नये. संकट प्रदूषणाचे असेल, तर समिती निवडावी आणि शेतीवरील आकाराचा दर पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावा.