तांबं दिसलं म्हणजे जुनं शेफील्ड नव्हे

जोडी दिसायला झकास होती. वाइनची बाटली ठेवायचे दोन गोल कोस्टर, लाकडी बूड, खाली हिरवी बनात (जाड लोकरी कापड), काठावर द्राक्षवेलीची नक्षी. द्राक्षांच्या उंचवट्यांवर लालसर तांबं डोकावत होतं. विकणाऱ्याने बोट नेमकं तिथेच ठेवलं: ‘चांदी झिजलीय बघा, दोनशे वर्षांचं शेफील्ड आहे.’ शेफील्ड म्हणजे त्या इंग्लिश गावात निघालेल्या पद्धतीने तांब्यावर चांदीचा पत्रा जोडून घडवलेली भांडी. घेणाऱ्याने त्या तांब्यावर भुलून पैसे मोजले, आणि माल खोटा असल्याची खूण नेमकी तीच होती.

शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हरने १७४३च्या सुमारास काढलेल्या पद्धतीत तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा बांधून भट्टीत तापवत, दोन्ही एकजीव झाले की लाटून पत्रा करत. भांडं त्यानंतर घडायचं. त्यामुळे जिथे पत्रा कापला तिथे तांबं उघडं पडणारच, आणि ते झाकण्यातच निम्मं कसब. वेलीची किनार साच्यात ठोकलेल्या पातळ चांदीची असे. तिची पोकळ पाठ शिसं-कथलाने भरून ती काठाला डाक देऊन बसवत. अशी किनार झिजली की आतून राखाडी शिसं दिसतं, तांबं नाही. तांबं दिसावं ते अंगाच्या सपाट पत्र्यावर. द्राक्षावरच लाली असेल तर वेलही तांब्याची घडवून, सगळं भांडं विजेच्या मुलाम्यात (इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये) बुडवून, वर बफ मारून मुद्दाम ‘झिजवलेलं’ असतं. विजेच्या मुलाम्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी घेतलं १८४०मध्ये.

कोस्टर हातात आला की काठाच्या खालच्या बाजूने नख फिरवा. किनार संपते तिथे बारीकशी पायरी लागली पाहिजे. मग भिंगाने आतली भिंत पाहा: पत्रा वळवून जोडल्याची एक उभी रेघ कुठेतरी असते. विजेचा मुलामा सांध्यावरूनही चढतो, म्हणून तिथे सगळं गुळगुळीत. घराण्याचं चिन्ह कोरलेलं असेल तर त्यावर तोंडाची वाफ सोडा. खोदताना तांबं लागू नये म्हणून बऱ्याचदा तेवढ्या जागी शुद्ध चांदीचा तुकडा बसवत, वाफ विरताना त्याची कड उमटते. बनात मात्र नवी असली म्हणून बिघडत नाही, ती बदलली जातेच.

लोहचुंबक लावून दाखवणारा भेटला तर हसून सोडून द्या. चुंबक चांदीला चिकटत नाही, तांब्याला नाही आणि ज्यात चांदीचा कणही नसतो त्या जर्मन सिल्व्हरलाही नाही. वरवर टाकलेला तेजाबाचा थेंबही वरच्या थराबद्दलच बोलतो. ई, पी, एन, एस ही अक्षरं वेगवेगळ्या ढालींत ठोकली की हॉलमार्कसारखी दिसतात, पण त्यांचा अर्थ निकेल सिल्व्हरवर, म्हणजे त्याच जर्मन सिल्व्हरवर, विजेचा मुलामा एवढाच.

अस्सल जोडीतही एक गोम असते: तांबं दिसायला लागलं म्हणून कुणीतरी नव्याने मुलामा चढवलेला. वस्तू जुनीच, पण संग्राहक तिला पूर्वीची किंमत देत नाहीत. रंग थंड, पांढराफटक आणि सगळीकडे सारखा, कारण मुलाम्याची चांदी जवळपास शुद्ध, तर जुनी साधारण ९२.५ टक्क्यांची. पावतीवर ‘१८४०पूर्वीचं, भट्टीत जोडलेलं, पुन्हा मुलामा न दिलेलं’ एवढं लिहून मागा. ‘शेफील्ड’ एवढाच शब्द लिहून दिला तर तो नुसता गावाचं नाव सांगतो.