बोटीवरचा वॉटरमेकर: बॅटरीवरचा की जनरेटरवरचा?

वॉटरमेकर म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र. मेम्ब्रेन, म्हणजे मीठ अडवणारा पडदा, दोन्हींत तसंच, त्यातून पाणी ढकलणारा दाबही जवळपास ५५ बार. खरा फरक विजेचा. दाबाची ऊर्जा परत वापरणारा १२ व्होल्टचा बॅटरीवरचा संच लिटरमागे ४-५ वॅट-तास घेतो, ताशी २०-३० लिटर देतो, सोलरवर निभावतं. पण पंप बिघडला तर सुटे भाग बनवणाऱ्याकडूनच मागवायचे.

जनरेटरवरचा ताशी १०० लिटर सहज काढतो. पंप प्रेशर वॉशरच्या जातीचा, त्यामुळे सील सहसा कुठेही मिळतात.

फ्लश, म्हणजे मेम्ब्रेन धुऊन काढणं, मात्र दोन्हींना आठवड्याला हवाच, कार्बन फिल्टरमधून आलेल्या गोड्या पाण्याने. क्लोरीन मेम्ब्रेन खातं, ते हा फिल्टर अडवतो. सुरू करताना सडक्या अंड्यांचा वास आला, तर फ्लश चुकलाय.

दोघंच आणि सोलर भरपूर: पहिला. माणसं जास्त, जनरेटर रोज चालतोच: दुसरा.