चार रविवारांचा अभ्यासवर्ग: नाझी जर्मनीतील रोजगार आणि कामगारांचे जीवनमान

नौपाड्यातील एका संस्थेचा हा सशुल्क अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क ९०० रुपये, त्यात चहा आणि छायाप्रती. वागळे इस्टेटमधील कारखान्यात तीस वर्षे काढताना ‘हिटलरने निदान बेकारी तरी हटवली’ हे वाक्य कँटीनमध्ये असंख्य वेळा कानावर पडले होते. त्याचा हिशेब कोणीतरी मांडावा, एवढ्यासाठी मी नाव नोंदवले.

पहिल्याच रविवारी पैसे वसूल झाले. जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीत सुमारे ६० लाख नोंदणीकृत बेकार होते आणि १९३८ पर्यंत कामगारांची टंचाई भासू लागली, हे आकडे शिक्षकांनी नाकारले नाहीत. त्यांनी ते फोडून दाखवले. गाजलेल्या महामार्गांच्या बांधकामावर एका वेळी जेमतेम सव्वा लाख माणसे होती. मोठा वाटा शस्त्रनिर्मितीचा आणि १९३५ पासूनच्या सक्तीच्या लष्करभरतीचा. नवविवाहितांना १,००० मार्कांपर्यंतचे कर्ज मिळे, पण सुरुवातीची अट अशी की पत्नीने नोकरी सोडावी. म्हणजे तिची जागा रिकामी होई आणि ती मात्र बेकारांच्या यादीत येत नसे. ज्यू कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेतून काढण्याचा कायदा तर एप्रिल १९३३ मध्येच झाला होता.

दुसरा वर्ग संघटनांवर होता. १९३३ मध्ये १ मे रोजी भरपगारी सुट्टी देऊन कामगारांच्या मिरवणुका काढण्यात आल्या आणि दुसऱ्याच दिवशी कामगार संघटनांच्या कार्यालयांवर कब्जा करण्यात आला. संप आणि वाटाघाटी संपल्या, वेतन सरकारी ‘विश्वस्त’ ठरवू लागले, आणि १९३४ च्या कायद्याने मालक ‘नेता’ तर कामगार त्याचे ‘अनुयायी’ ठरले. १९३५ पासून आलेली कामाची नोंदवही मालकाकडे राही आणि तिच्याशिवाय दुसरी नोकरी मिळत नसे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणारे कंत्राटदार आठवून मागच्या बाकावर कुजबुज झाली.

तिसऱ्या रविवारी जीवनमानाचा विषय निघाला. तासाचे दर मंदीच्या पातळीजवळ गोठवलेले होते. आठवड्याचा पगार वाढला तो मुख्यतः तास वाढल्यामुळे. मोटारीच्या बचत-पुस्तिकेचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो. आठवड्याला किमान ५ मार्कांचे तिकीट चिकटवायचे, ९९० मार्कांची मोटार आपल्या दारी येणार! सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी तिकिटे चिकटवली. कारखाना युद्धसामग्रीकडे वळला आणि त्या राजवटीत त्यांपैकी एकालाही मोटार मिळाली नाही. व्याजही नव्हते.

तक्रारीही आहेत. छायाप्रती इतक्या फिकट होत्या की आकडे वाचण्यासाठी भिंग लागावे. चौथा वर्ग पाऊण तास उशिरा सुरू झाला आणि त्याचा फटका नेमका युद्धकाळातील सक्तीच्या मजुरीला बसला. १९४४ मध्ये जर्मनीत ७० लाखांहून अधिक परदेशी मजूर आणि युद्धकैदी राबत होते. त्यांची उपासमार आणि छावण्या पंधरा मिनिटांत उरकणे मला अजिबात पटले नाही. पुढच्या तुकडीसाठी संस्थेने पाचवा रविवार ठेवावा, त्याचे जादा शुल्क मी आनंदाने भरेन.

सभागृह तिसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी विचार करावा.