फिरतं चाक की फिरता प्रकाश?

होटगी रोडच्या विमानतळावर विमान नुसतं उभं असलं, तरी पृथ्वी त्याला तासाला 15 अंश फिरवतच असते. सोलापूरच्या अक्षांशावर त्यातला उभ्या अक्षाभोवतीचा वाटा साधारण 4.6 अंश. इतकं मंद फिरणं पकडायचं कसं?

वळण मोजणारं उपकरण म्हणजे जायरो. जुना जायरो म्हणजे वेगाने फिरणारं चाक. त्याचा अक्ष दिशा सोडत नाही. विमान वळलं की फरक मोजायचा. पण बेअरिंग झिजतं आणि घर्षणाने अक्ष भरकटत जातो.

लेसर जायरोत चाकच नाही. काचेच्या ठोकळ्यात बंद मार्ग, कोपऱ्यांवर आरसे, आत हेलियम-निऑन वायू आणि उलट दिशांनी धावणारे दोन किरण. सिद्धेश्वर तलावाभोवती दोघं सारख्या वेगाने उलट दिशांना निघाले आणि तेवढ्यात सुरुवातीची खूणच सरकली, तर एकाला जास्त चालावं लागेल, दुसऱ्याला कमी. किरणांचंही तसंच. त्यामुळे त्यांच्या वारंवारतेत फरक पडतो, दोन्ही एकत्र आणले की दिसणारे प्रकाशाचे पट्टे सरकतात, ते मोजले की वळण कळलं. हा परिणाम फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ सान्यॅकने 1913 मध्ये दाखवला.

खोट एकच: फिरणं फार मंद असलं की दोन्ही वारंवारता एकमेकींना चिकटतात, फरकच उरत नाही. म्हणून ठोकळा मुद्दाम थरथरवत ठेवतात. तरीही माझा कौल लेसरलाच. झिजणारं बेअरिंग सांभाळण्यापेक्षा ही थरथर कितीतरी परवडते.