पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस काढला, डिफेंडरवर आले : वापरानंतरचा अनुभव

बँकेचा एसएमएस आला की अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाचे पैसे कार्डावरून कापले जाणार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असा मेसेज किमान 24 तास आधी येतो, म्हणून बचावले. पहिल्या वर्षी सवलतीत दिलेलं पॅकेज आता दुपटीहून महाग, आणि बंद करायचं बटण वेबसाइटवर कुठे सापडेना. कस्टमर केअरला फोन केला, तर तिथला माणूस उलट तीन वर्षांचा प्लॅन गळ्यात मारायला लागला. शेवटी बँकेच्या ॲपमधूनच ई-मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, रद्द केलं आणि तो अँटिव्हायरस काढून टाकला. तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो.

धास्ती मात्र होती. या कॉम्प्युटरवर बाबांचं सोसायटीचं काम चालतं. ते खजिनदार आहेत. दिवसभर मेलवर बिलं, कोटेशनं, पावत्या. अनोळखी मेल उघडू नका, हे त्यांना सांगून काय उपयोग? अनोळखी पुरवठादाराचे मेल उघडणं हेच त्यांचं काम आहे.

आता काही महिने झाले. डिफेंडर पुरतो. मशीन हलकं चालतं, 'अपग्रेड करा'च्या चौकटी नाहीत. पण मला खरं सांगायचंय ते एका छोट्या खुणेबद्दल. विंडोज 11 च्या फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. ती केली की फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे फाइल कुठल्या प्रकारची आहे ते, दिसतं. ही खूण विंडोजमध्ये मुळात बंद असते. ती आजच चालू करा.

टाकी सफाईचं कोटेशन म्हणून बाबांना एक मेल आला. आत लिंक, लिंकवरून झिप फाइल, आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही, म्हणूनच ही युक्ती करतात. पण अशा झिपवर डबल क्लिक केलं की पासवर्ड न देताही आतल्या फाइलचं नाव बहुधा दिसतं. नाव होतं 'कोटेशन डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'. ईएक्सई म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम. खूण बंद असती तर शेवटचं ईएक्सई दिसलंच नसतं. बाबांनी ते वाचलं, मला हाक मारली आणि झिप तशीच डिलीट केली. मे 2000 मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' व्हायरस याच जोरावर फिरला : लोकांना प्रेमपत्राची टेक्स्ट फाइल दिसायची, पुढचं व्हीबीएस, म्हणजे तो प्रोग्राम असल्याची खूणगाठ, लपलेलं असायचं. इतक्या वर्षांनंतरही ही खूण मुळात बंद का ठेवतात, याचा मला मनापासून राग येतो.

'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'बद्दल माझं मत बदललं. डिफेंडरच्या रॅन्समवेअरच्या (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) पानावर ते असतं. चालू केल्याबरोबर स्कॅनरच्या सॉफ्टवेअरला डॉक्युमेंट्समध्ये फाइल ठेवता येईना, म्हणून ते कटकटीचं वाटलं. पण तिथेच त्या सॉफ्टवेअरला एकदा परवानगी दिली की काम होतं. अनोळखी प्रोग्रामला सोसायटीच्या हिशेबाला हात लावू द्यायचा नाही, हेच तर हवं होतं. आता ते कायम चालू असतं.

मेलवरून आलेल्या एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम, 2022 पासून मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्वतःच अडवतं, वर लाल पट्टी येते. 'मॅक्रो चालू करा' म्हणणाऱ्या पुरवठादाराकडून आम्ही सरळ पीडीएफ मागवतो.

वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून 1 टीबीची हार्ड डिस्क घेतली. रविवारी कॉपी झाली की तिची वायर काढायचीच, कारण रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही लॉक करतं.

एक गोष्ट कुठल्याच अँटिव्हायरसच्या भरवशावर सोडता येत नाही : खोट्या लॉगिन पानावर आपणच भरलेला पासवर्ड. म्हणून बाबांच्या जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलंय, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरही होकार द्यावा लागतो. आपण लॉगिन करत नसताना फोनवर विचारणा आली तर 'नाही' दाबायचं आणि लगेच पासवर्ड बदलायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.